कोपऱ्यातला आकडा

मुलांनो, जरा कल्पना करा. तुमच्या वर्गात मॉनिटरची निवडणूक आहे. बाईंनी प्रत्येकाला एकेक चिठ्ठी दिली आहे. हव्या त्या नावापुढे फुली मारा, कुणाला कळायचं नाही, असं सांगितलं आहे. उमेदवार दोन. त्यातला एक गेली चार वर्षं मॉनिटर आहे आणि मधल्या सुट्टीत मुलांना झोडपतो. तुम्ही पेन्सिल उचलता, आणि तेवढ्यात चिठ्ठीच्या कोपऱ्याकडे लक्ष जातं. तिथे तुमचा हजेरी क्रमांक छापला आहे. आता फुली कुठे माराल? उत्तर मला सांगू नका. मनात ठेवा आणि ऐका.

सन दोन हजार बारा, जुलै महिना. दुबईत मंदी येऊन चार वर्षं झाली होती, पण ती गेली असं छातीठोकपणे कोणी म्हणत नव्हतं. अल कुसैसला राहणारा दत्तप्रसाद हमरिया फ्री झोनमधल्या एका छापखान्यात मॅनेजर होता. मंदीत त्याची आधीची नोकरी गेली होती आणि सात महिने तो घरी बसला होता. तेव्हापासून ऑफिसचा फोन वाजला की तो हातातलं काम टाकून उभा राहायचा. बायको साधना एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन. मुलगी आभा दहा वर्षांची.

त्या उन्हाळ्यात छापखान्याला मोठं काम मिळालं. एका अरब देशात चाळीस वर्षं एकाच माणसाचं राज्य होतं. ते संपलं होतं आणि तिथे पहिली खरी निवडणूक होणार होती. सहा लाख मतपत्रिका हव्या होत्या. पन्नास-पन्नास पत्रिकांची बुकं. मतपत्रिका फाडून मतदाराला द्यायची आणि वरचा तुकडा, म्हणजे स्थळप्रत, बुकातच राहायची. मतदाराची सही त्या स्थळप्रतीवर.

दत्तप्रसादला हे काम नवं नव्हतं. कोल्हापुरात असताना त्याने साखर कारखान्याच्या आणि नगरपालिकेच्या मतपत्रिका छापल्या होत्या. तिथल्या निवडणूक आयोगाच्या पत्रात लिहिलं होतं, क्रमांक स्थळप्रतीवर घालावा. त्याने नंबरिंग मशीनवरच्या शौकतला सांगितलं, "दोन्हीकडे टाक. स्थळप्रतीवर पण आणि पत्रिकेवर पण. हमारे यहाँ ऐसाच होता है. खोटी पत्रिका लगेच पकडली जाते. जास्तीचे पैसे नको, बघू दे त्यांना आपलं काम."

चांगुलपणानेच सांगितलं हो त्याने. प्रूफवर आयोगाची सही नंबर घालायच्या आधीच झाली होती, त्यामुळे विचारायचा प्रश्नच आला नाही. गुरुवारी शेवटचं बुक बांधून झालं. प्रशिक्षणासाठी काही नमुना बुकं होती, खोट्या नावांची. त्यातलं एक तो परवानगी काढून आभासाठी घरी घेऊन आला.

शुक्रवारी दुपारी आभाने घरात मतदान केंद्र थाटलं. बुटाच्या खोक्याची पेटी झाली, इस्त्रीच्या टेबलाचा आडोसा झाला. मतदार म्हणून तिने समोरच्या फ्लॅटमधल्या मबरूका खालाला बोलावलं. खाला, म्हणजे मावशी, सत्तरीची, त्याच देशाची, मुलाकडे राहायला आलेली. पुढच्या आठवड्यात दुबईच्या केंद्रावर ती आयुष्यातलं पहिलं मत देणार होती. खेळ असूनही ती ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधून आली. आभाला शाळेत अरबी होतं, त्यामुळे दोघींचं मोडकंतोडकं जमायचं.

खालाने सही केली, पत्रिका घेतली, आडोशाला गेली. बराच वेळ झाला.

"खाला, यल्ला! लाइन लागली आहे मागे," दत्तप्रसाद सोफ्यावरून गमतीने म्हणाला.

खाला बाहेर आली. पत्रिका कोरी होती. तिने बुकातल्या आकड्यावर बोट ठेवलं, मग पत्रिकेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या आकड्यावर. मग आपल्या सहीवर. आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाली.

"बाबा, शी इज सेइंग, दे विल नो."

"कोणाला कळेल? ते तर गेले सगळे!"

"शी डिडन्ट से हू."

दत्तप्रसादने समजावलं. खोटी मतं पडू नयेत म्हणून आकडा आहे, आमच्या देशात असाच असतो, कोणी काही बघत नाही. आभाने जमेल तसं अरबीत सांगितलं. खालाने मान डोलावली. पोलिसासमोर माणूस डोलावतो तशी. मग तिने कोरी पत्रिका नीट घडी करून टेबलावर ठेवली, आभाच्या गालाला हात लावला आणि घरी निघून गेली. मग तिच्या दाराला आतून कडी घातल्याचा आवाज आला, एक आणि मग दुसरी.

दत्तप्रसादने ती कोरी पत्रिका उचलली. एक खाला परत गेली. तिकडे अशा किती असतील?

त्याने मालकाला, चंद्रहासशेठना, फोन लावला.

"शेठ, पत्रिकेवरचा नंबर चुकला. तो तिथे नको होता."

"प्रूफवर सही आहे ना त्यांची? मग खलास!"

"प्रूफवर नंबर नव्हता, शेठ. तो मी घातला."

"दत्ता, रविवारी सकाळी विमान आहे. उशीर झाला तर दिवसाला चाळीस हजार दिरहम दंड. सहा लाख रुपये रोज! छापखाना विकून पण भागणार नाही. आणि आपल्याकडे असतोच की नंबर. कोण मेलं त्याने?"

"तिकडे मेलीत माणसं, शेठ."

शेठ म्हणाले, "विमान उडू दे. सोमवारी काय ती सत्यनारायणाची कथा सांग. त्याआधी तोंड उघडलंस तर तुझा व्हिसा माझ्या कंपनीचा आहे, एवढं लक्षात ठेव."

साधना ड्यूटीवरून आली तेव्हा तो तसाच बसला होता. तिने सगळं ऐकलं.

"सांगितलं तर व्हिसा रद्द, मग तीस दिवसांत बॅगा भरायच्या," तो म्हणाला. "आभाची शाळा, तुझी नोकरी..."

"माहीत आहे मला."

"मग काय करू?"

"मला काय विचारतोस? नंबर मी घातले का?" ती चिडून स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि त्याच्याशेजारी बसली. "न सांगता जेवशील का तू?" तिने विचारलं.

तो जेवला नाही.

शनिवारी साधनाची ड्यूटी होती, म्हणून आभाला बरोबर घेऊनच तो जुमेरा लेक टॉवर्समधल्या आयोगाच्या दुबईतल्या कचेरीत गेला. नमुना बुक आभाच्या हातात होतं. तिथल्या प्रमुख हनान मॅडम त्याच देशाच्या. वीस वर्षं परदेशात काढलेल्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. दत्तप्रसादने काही झाकलं नाही. चूक माझी, मालकांची नाही, हेही सांगितलं.

मॅडमनी बुक उघडलं. एक पान, दुसरं, तिसरं. मग बुक टेबलावर ठेवलं.

"पुन्हा छापता येईल?"

"कागद नाही, मॅडम. वॉटरमार्कवाला कागद यायला तीन आठवडे."

"आकड्यावर काळा शिक्का?"

"उजेडात धरलं की खालचा आकडा दिसतो."

"आणि दिसला नाही तरी लोक म्हणतील, काहीतरी लपवलंय." त्यांनी बुक मिटलं. "असंच पाठवलं तर लोक रांगेत उभे राहतील, हा आकडा बघतील आणि तिकडे माझी आई जाईल, तसे गुपचूप घरी जातील. नाही पाठवलं तर म्हणतील, बघा, निवडणूक होणारच नव्हती. चाळीस वर्षं वाट बघितली हो आम्ही. तुम्हाला कळतंय का?"

दत्तप्रसादला कळत होतं. त्याने "सॉरी" म्हणायला तोंड उघडलं आणि तो शब्द त्याला इतका फाटका वाटला, की तसाच गिळला. मॅडमनी डोकं दोन्ही हातांत धरलं. बाहेर कोणाचा तरी फोन वाजत होता, कोणी उचलत नव्हतं. घड्याळात साडेअकरा वाजले होते. संध्याकाळी सहाला खोकी सील होणार होती.

आभा एकदा बाबाकडे बघत होती, एकदा मॅडमकडे. दोघांपैकी कोणाचंच लक्ष नव्हतं. तिने बुक आपल्याकडे ओढलं. मॅडमच्या पेनस्टँडमधली कात्री घेतली. पहिल्या पत्रिकेचा खालचा डावा कोपरा चिमटीत धरला आणि तिरका कापून टाकला. पत्रिका उचलून उजेडात धरली. नावं सगळी जागच्या जागी होती. वरच्या तुकड्यावरचा आकडाही होता. तो बुकातच राहणार होता. छापखान्याच्या कटिंग मशीनने तर असे कोपरे थप्पीच्या थप्पी कापता आले असते.

कापलेला कपटा तिच्या तळहातावर उरला. तिने केराची टोपली शोधली. टोपली होती, पण तिच्यात कोणीही हात घालू शकलं असतं. म्हणून तिने तो कपटा तोंडात टाकला, चावला, तोंड वाकडं करून गिळला आणि दुसरी पत्रिका कापायला घेतली.