कातळाचा आवाज

“कट! कट! कोण बोललं रे मध्येच?”

दिग्दर्शक खुर्चीतून अर्धवट उठून इकडेतिकडे बघत होता. समोर नायकाची कॉलर मुठीत धरून एक आडदांड गडी उभा होता. हनुवटीपासून कानापर्यंत गेलेला वण, मोडून वेडंवाकडं जुळलेलं नाक आणि खांदे असे, की दारातून तिरकंच आत शिरावं.

“मध्येच नाही साहेब, मीच बोललो,” तो म्हणाला. “माझंच वाक्य होतं.”

सगळा सेट खो-खो हसत सुटला. त्या धिप्पाड देहातून आलेला आवाज होता बारीक, नाजूक, शाळेत कविता म्हणणाऱ्या मुलीचा असावा तसा. नायक तर मुठीत लोंबकळतच हसत होता. गड्याने त्याला हलकेच खाली ठेवलं, चुरगळलेली कॉलर हाताने सारखी केली आणि मान खाली घालून उभा राहिला.

तो मूळचा लाकडाच्या वखारीतला हमाल. ओंडके बांधलेली साखळी तुटून तोंडावर बसली, त्याची खूण तो वण. सेटसाठी लाकडं न्यायला आलेल्या या दिग्दर्शकाने त्याला पाहिलं आणि लाकडांबरोबर त्यालाही ट्रकमध्ये घातलं. ‘कातळ’ हे नावही त्यानेच ठेवलं. आता तोच दिग्दर्शक कपाळाला हात लावून बसला होता. चेहरा सोडवत नव्हता आणि आवाज ऐकवत नव्हता.

“चेहरा ह्याचाच राहू दे,” शेवटी तो म्हणाला. “आवाजाला नगाऱ्याला बोलवू.”

नगारा म्हणजे आपल्याहून दांडगा कुणी तरी असणार, अशी कातळची समजूत. चित्रपट जोडून झाल्यावर आवाज भरायच्या खोलीत आला तो त्याच्या जेमतेम छातीला लागेल असा, गोल गरगरीत, जाड चष्म्याचा माणूस. माइकपर्यंत तोंड पोचावं म्हणून त्याला उंच स्टुलावर बसवावं लागलं. त्याने चष्मा पुसला, पडद्यावरच्या कातळच्या ओठांकडे टक लावून पाहिलं, घसा साफ केला आणि तोंड उघडलं. खोलीची काच थरथरली.

“बाप रे!” कातळ म्हणाला.

“घाबरतोस काय?” नगारा त्याच गडगडाटात म्हणाला. “हा तूच आहेस.”

निर्मात्याने दोघांनाही दम भरला होता, ही गोष्ट या खोलीबाहेर जाता कामा नये. चित्रपट धो धो चालला. पुढे कातळला कामामागून काम मिळत गेलं. कधी तो दरोडेखोर असे, कधी तस्कर, कधी नायिकेचा दुष्ट मामा. डोळे वटारायचे, मारायचं, मार खायचा आणि शेवटी कड्यावरून पडायचं हे त्याच्याकडे. धमक्या देणं आणि गडगडाटी हसणं नगाऱ्याकडे. बाहेर तोंड उघडायची चोरी असल्यामुळे समारंभात कातळ नुसता हात जोडून बसे. वार्ताहर प्रश्न विचारत, हा त्यांच्याकडे बघत राही, आणि दुसऱ्या दिवशी छापून येई की पडद्यावरचा हा खलनायक प्रत्यक्षात फार मितभाषी आणि चिंतनशील आहे.

“चिंतनशील!” त्याची बायको पदर तोंडाला लावून हसायची. “कालपासून रुमाल कुठं ठेवला ते आठवत नाहीये ह्यांना.”

ती नर्स होती. वखारीतल्या अपघातानंतर तिच्याच दवाखान्यात त्याच्या हनुवटीला टाके पडले होते. सुई टोचली की भलेभले पुरुष ओरडतात, हा एवढा थोरला गडी डोळे मिटून बारीक आवाजात गाणं गुणगुणत होता. ती भाळली ती त्या आवाजावर, चेहरा तर तेव्हा निम्मा पट्टीखाली होता. त्यामुळे चित्रपटगृहात नवऱ्याच्या तोंडून नगारा वाजायला लागला, की तिला कुणी तरी आपली फसवणूक केल्यासारखं वाटे. मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा तिला पहिल्यांदा चित्रपटाला नेलं, तर ती भर अंधारात मोठ्यांदा म्हणाली, “आई, बाबांच्या तोंडातून नगाराकाका का बोलतात गं?” मागच्या रांगेतले लोक हसले. बायकोने तिच्या तोंडात बिस्कीट कोंबलं.

नगाराकाका दर रविवारी जेवायला यायचाच. लग्न त्याने केलं नव्हतं. “मुलगी बघायला गेलो आणि ‘नमस्कार’ म्हणालो, की तिच्या कडेवरचं भाचरू रडायला लागायचं,” असं तो सांगे. खरंखोटं त्यालाच ठाऊक.

एकदा रविवारीच मोठी गंमत झाली. इमारतीच्या मालकाला सगळे भाडेकरू हुसकावून लावायचे होते. त्याने संध्याकाळी तीन गुंड पाठवले. ते खालच्या मजल्यापासून दारं ठोकत, शिव्या देत वर येऊ लागले. कातळने पडद्यावर हजारदा मारामारी केली होती, पण खऱ्या आयुष्यात त्याने डासाशिवाय काही मारलं नव्हतं. तो दाराला कडी लावायला धावला.

“बाहेर जाऊन नुसता उभा राहा,” नगारा कुजबुजला. “मी दाराआड आहे.”

“माझ्या ओठांचं काय?”

“हलव काही तरी. जिन्यात उजेड कुठाय?”

कातळ बनियनवरच बाहेर आला आणि कमरेवर हात ठेवून जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला. गुंडांनी मान वर केली. अंधारात तो वण, ते नाक. मग साऱ्या जिन्यातून आवाज घुमला, “कोण आहे रे तिकडे? माझ्या जेवायच्या वेळेला?”

तिघांची पाचावर धारण बसली. नगारा रंगात आला होता, काय काय बोलत सुटला. मध्येच त्याला ठसका लागला, त्यामुळे आवाज थांबला तरी कातळचे ओठ बराच वेळ हलत राहिले. गुंडांना ते जास्तच भयंकर वाटलं असावं. त्यांनी अशी धूम ठोकली, की एकाची चप्पल पहिल्या मजल्यावरच राहिली. खाली एकटी राहणारी आजी वर येऊन म्हणाली, “किती छान बोललात हो! जरा आमच्या जावयालाही समजावा ना.” त्यावर कातळने नेहमीप्रमाणे हात जोडले.

पुढे दिवस पालटले. नव्या चित्रपटांत नायकच खलनायकाहून दांडगे दिसू लागले. कातळचे गुडघे कुरकुरायला लागले, कड्यावरून पडणं बंद झालं आणि मग बोलावणंही. मुलगी लग्न होऊन गेली. तो सकाळी बायकोबरोबर भाजी आणायला जाई, दुपारी झोपे. अशात एका मालिकेच्या दिग्दर्शिकेचा निरोप आला. तिला एक म्हातारा ट्रकचालक हवा होता, आई-बाप दूर गावी कामाला गेलेल्या नातीला सांभाळणारा.

“आवाज कोण भरणार?” त्याने बायकोकडून विचारून घेतलं.

“भरायला वेळच नसतो हो, रोज भाग जातो,” बाई फोनवर म्हणाल्या. “बोलतील तसाच घेतो आम्ही, तिथल्या तिथे.”

तो तडक नगाऱ्याकडे गेला. “मी नाही म्हणून सांगतो,” तो म्हणाला. “ह्या वयात हसं करून घ्यायचं? आणि तुझ्याशिवाय...”

नगाऱ्याने त्याला पुढे बोलूच दिलं नाही. “लेका, इतकी वर्षं मी तुझं तोंड वापरलं. आता परत घे की! मलाही जरा घरी बसू दे.”

पहिल्या दिवशी सेटवर कातळ मनातल्या मनात वाक्यं घोकत बसला होता. नातीचं काम करणारी मुलगी त्याच्या मांडीवर डोकं ठेवून लोळत होती. आईची आठवण येते म्हणून रडायचं होतं तिला, आणि त्याने समजूत काढायची होती. “ॲक्शन” झालं. तो बोलला. कुणी तरी हसेल म्हणून त्याचे कान टवकारलेले. कुणीच हसलं नाही. उलट पोरीने चमकून वर पाहिलं आणि वाक्यात नसतानाही म्हणाली, “अजून सांगा ना, आजोबा.”

बाईंनी ‘कट’ म्हणायला उशीर केला. मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, “काका, हा आवाज इतकी वर्षं कुठं लपवला होतात?”

मालिका घराघरांत पोचली. भाजीवाली त्याला दोन मिरच्या जास्त देऊ लागली. बायको तर प्रत्येक भागानंतर शेजाऱ्यांकडे असं बघे, जणू हा आवाज तिनेच शोधून काढला होता. आणि एका अर्थी ते खरंच होतं. पण वर्तमानपत्रात आलं ते भलतंच. या थोर नटाने भूमिकेसाठी आपला मूळचा भारदस्त आवाज सोडून असा काही कोवळा स्वर कमावला आहे, की थक्क व्हावं!

त्या रविवारी नगारा ते मोठ्यांदा वाचून हसून हसून लोळला. “ऐका पुढची गंमत,” डोळे पुसत तो म्हणाला. “काल दुकानात साखर मागितली. तर तो वाणी म्हणतो, वा काका! कातळची नक्कल अगदी हुबेहूब करता हो तुम्ही!”

बायको हसली. कातळ हसला नाही. घास तसाच हातात धरून तो नगाऱ्याकडे बघत राहिला.

“मग तू काय म्हणालास?”

“म्हणालो, सवय आहे. जेव रे, गार होतंय.”

काही दिवसांनी एक जुनं चित्रपटगृह डागडुजी होऊन पुन्हा सुरू होणार होतं. कातळचाच एक जुना चित्रपट दाखवायचा होता, आणि त्यालाही बोलावलं होतं. असल्या आमंत्रणांना तो कायम नाही म्हणायचा, कारण लोक हटकून संवाद म्हणायला लावत. या वेळी तो हो म्हणाला. नगाऱ्याला त्याने थाप मारली की, “गुडघा दुखतोय, जिन्याला आधाराला चल.”

तो मंचावर गेला आणि अपेक्षेप्रमाणे पब्लिकने गलका केला, “डायलॉग! सावलीवाला डायलॉग!”

कातळने माइक धरला. आपल्या बारीक आवाजात म्हणाला, “माझा आवाज पहिल्यापासून हाच आहे. तो दुसरा आहे ना, तो माझा कधीच नव्हता. तो ज्याचा आहे तो तिसऱ्या रांगेत बसलाय.”

साऱ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या. नगारा खुर्चीत खाली खाली सरकत होता आणि मानेनेच ‘नाही, नाही’ म्हणत होता. कातळ पायऱ्या उतरून गेला आणि त्याला हाताला धरून वर घेऊन आला. माइकचा दांडा खाली करावा लागला. आयुष्यात कधी चारशे माणसांसमोर उभा न राहिलेला नगारा चष्मा पुसत राहिला, आणि मग सवयीने वळून कातळच्या ओठांकडे बघू लागला. कातळच्या ते ध्यानात आलं. त्याने ओठ हलवले. लगेच सारं चित्रपटगृह दणाणलं :

“जायचं तर जा! पण तुझी सावली...”

कातळने तोंड मिटलं. नगारा गोंधळून थांबला. कातळने एका बोटाने त्याची हनुवटी धरली, चेहरा लोकांकडे वळवला आणि म्हणाला, “आता तिकडे बघून म्हण. तुझं तू.”

नगाऱ्याने एक मोठा श्वास घेतला.

“...तुझी सावली इथं ठेवून जा!”

शिट्ट्या आणि टाळ्या थांबता थांबेनात. खाली उतरल्यावर लोकांनी नगाऱ्याला गराडा घातला. कुणी पाया पडलं, कुणी मुलाला पुढे केलं, कुणी “घरच्यांसाठी दोन शब्द बोला हो” म्हणून फोन तोंडापुढे धरला. नगारा लालबुंद होऊन प्रत्येकासाठी दोन शब्द बोलत होता. त्याची पिशवी आणि चष्म्याचं घर कातळने हातात घेतलं होतं.

“ओ आजोबा,” एक तरुण मुलगी फोन डोळ्यांपुढे धरून म्हणाली, “जरा बाजूला होता का? तुमचा खांदा येतोय फोटोत.”

“हो, हो,” कातळ म्हणाला, आणि पिशवी छातीशी धरून, भिंतीला पाठ लावून, होता होईल तेवढा अंग चोरून उभा राहिला.