तीन पायांपर्यंतचं स्टूल

मी एक रंधा. खरखरीत लाकूड तासून गुळगुळीत करणं हे माझं काम. माणसं गुळगुळीत बोलायला लागली, की मात्र माझं डोकं फिरतं.

सुतारकाकांच्या हाताखाली माझी उमर गेली. मग त्यांनी मशीन घेतलं. उन्हाळी शिबिरात त्यांना शिकवायला बोलावलं, तेव्हा त्यांनी मला तिथेच देऊन टाकलं. फाटकावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आवडेल ते निवडा!' मी भोळा, मला ते खरं वाटलं.

पहिल्या सकाळी मुलं पोहायला पळाली, नाचायला पळाली. माझ्या टेबलाशी आली एकच मुलगी, पुढचा दात पडलेली.

"काय करायचं गं?" काकांनी विचारलं.

"स्टूल. आमच्या धाकट्याचा हात नळाला पोचत नाही. सारखं मलाच उचलायला लागतं."

सुरुवातीला मी तिच्या हातात अडखळायचो. मग जमलं. पातळ छिलका वळून वर आला, की ती तो कानात अडकवायची आणि खुदकन हसायची. मला इतका जीव कोणीच लावला नव्हता. तीन पाय तासून झाले, चौथा तेवढा राहिला.

आणि शिबिराच्या ताई आल्या. "बाळा, नाचात एक जण कमी पडतेय. पालक बघायला येणार ना? चल."

"पण मी हे निवडलंय."

"निवडलंस ना? झालं तर मग! आता थोडं आमचंही ऐक."

काका मान खाली घालून उभे राहिले. त्यांचा मला अजून राग आहे.

शेवटच्या दिवशी स्टूल प्रदर्शनात होतं, शेजारी शोभेला मी. चौथा पाय काकांनी मशीनवर काढला होता, ताईंनी सांगितलं म्हणून. आई कौतुकाने म्हणाली, "अगंबाई, तू केलंस? चल, घरी नेऊ."

मुलीच्या गालांवर नाचाची लाली तशीच होती. "हे माझं नाही," ती म्हणाली आणि वळूनही न बघता निघून गेली.

"भारी हट्टी हो तुमची लेक," ताई हसल्या.

आता मी अडगळीत गंजतोय. ऐकायचं नसेल तर मुलांना विचारू तरी नका, एवढंच माझं मागणं. त्या धाकट्याला अजून बहीणच उचलत असेल.

स्टूल माझ्याजवळच पडून होतं. आज सकाळी कोणीतरी ते बाहेर नेलं. फाटकावरची अक्षरं पुसट झालीत, स्टुलावर चढून ती पुन्हा रंगवायची होती.