पुस्तक सांभाळणारी डालगी

ऐका हो. आमच्या बेटावर, मेरापी या धुमसत्या डोंगराच्या पायथ्याशी एका गावात राहत होती तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकणारी सुमिला, तिचा एकुलता लेक जात्मिको, तिचा धाकटा दीर गादिमान, आणि त्यांच्या घरात राहत होते मी. मी डालगी बोलतेय, बांबूची, कोंबड्या झाकायची. पण कोंबडी माझ्याखाली कधी आली नाही. माझा मान मोठा!

आमच्याकडे बाळाचे पाय पहिल्यांदा मातीला लावतात, त्या दिवशी त्याला डालगीखाली बसवतात आणि पुढ्यात वस्तू मांडतात. बाळ जिला हात घालील, ते त्याचं आयुष्य. सुमिलाला अक्षर येत नव्हतं. लेकाला यावं, एवढीच तिची आस. तिनं गणिताचं पुस्तक ठेवलं. गादिमाननं गुपचूप चेंडू सरकवला. पोरानं पुस्तकावर पाय दिला आणि चेंडू कवटाळला.

“भावजी, नाक कापीन तुमचं!”

“कापा वहिनी, पण पोराचा पाय तर बघा! पुस्तकालासुद्धा कशी लाथ मारली!”

सुमिला हसली नाही. तिनं पुस्तक माझ्या काड्यांत खोचलं आणि मला चुलीवरच्या आढ्याला टांगलं. “घेईल एक दिवस,” म्हणाली.

घेतो कसला! बारावी अर्धी टाकून जात्मिको शहरातल्या संघात गेला. देशासाठी गोल केले, भिंतीभिंतीवर त्याची चित्रं लागली. मी धुरानं काळी झाले, पण ऐट सोडली नाही. त्या पायांना पहिली माती माझ्याच आत लागली होती.

खेळणं संपल्यावर तो बायकोला घेऊन घरी आला. नदीकाठची जागा सपाट करून पोरांना मैदान दिलं, बूट दिले. गाव खूश. सुमिला मात्र केळीच्या पानात तेंपे बांधताबांधता फणकारली, “मैदान दिलंस आणि शाळा ओस पाडलीस! मास्तर सांगून गेले.”

तो पोरांना रागवायला गेला. एक पोरगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, “दादा, तू किती शिकलास रे?”

जात्मिको घरी आला. मान वर करून माझ्याकडे बघत राहिला.

“आई, ते पुस्तक काढ.”

“बारावी पास हो, मग काढते. तोवर पोरांचं मागून वाच.”

मग फणसाखाली चटई पडली. आधी अभ्यास, मग चेंडू. मास्तर शिकवायचे आणि हा पोरांच्या रांगेत मांडी घालून बसायचा. पहिल्या खेपेला गणितात आपटला.

“दादा, पेनल्टी हुकली!” पोरं खिदळली.

“परत मारीन.”

मारली! तो पास झाला, ती पोरगीही झाली. मग शाळा कुणी सोडली नाही. सुमिलानं मला खाली उतरवलं, पुस्तक पदरानं पुसलं आणि लेकाच्या हातात दिलं.

परवा त्याच्या लेकीचे, लारासचे पाय मातीला लागले. मला घासूनपुसून मांडलं. जात्मिकोनं तेच पुस्तक आत ठेवलं. चेंडू कोण ठेवणार? गादिमान खिसे चाचपतोय, तोवर सुमिलाच चेंडू घेऊन आली.

“वहिनी, तुम्ही?”

“गप बसा भावजी. पुस्तकाला सोबत नको?”

लारासनं दोन्ही ओढून मांडीत घेतलं आणि वर माझी एक काडी मोडली. मोडू दे. नवी काडी घाला, बाबांनो, पण चुलीत घालू नका मला. या घरातले अजून किती पाय मातीला लागायचेत!