शेवटच्या पानावरची अक्षरं

मी कोर्टात स्टेनो आहे. साहेब सांगतात, मी उतरवते. बावीस वर्षं झाली. घरी कुणी कामाचं विचारलं की माझं ठरलेलं उत्तर, "कळेल, सगळ्यांना कळेल तेव्हा." लेक माझी नक्कल करायची, चष्म्यावरून बघत, अगदी हुबेहूब.

त्या सोमवारी साहेबांनी दार लावून घेतलं आणि निकाल सांगायला सुरुवात केली. पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या दाराबाहेर राहिलेल्या आमच्यासारख्यांसाठी विद्यापीठात राखीव जागा होत्या, त्या सगळ्या रद्द. ते थांबले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "या वर्षी दिलेले प्रवेशही यात आले." माझी पेन्सिल चालूच राहिली. मेली एकदाही अडखळली नाही. लेकीला अशाच जागेवर मेडिकलला प्रवेश मिळून दोन आठवडे झाले होते. निकाल पुढच्या मंगळवारी वाचायचा होता. तोवर तोंडाला कुलूप, तशी शपथच घेतलेली असते आम्ही.

घरी आले तर ती पांढरा कोट घालून आरशासमोर उभी, आणि तिचा बाप बाहीचे सुटे दोरे कापतोय.

फार्मसीलाही तिचा नंबर लागला होता, खुल्या जागेवर. ती घ्यायची मुदत गुरुवारपर्यंत होती.

"फार्मसीचंही धरून ठेव ना गं," बुधवारी भाजी चिरता चिरता मी म्हटलं.

"दोन्ही डगरींवर हात कशाला? मी सोडली की वेटिंगवरच्या कुणाला तरी मिळेल. बिचारी डोळे लावून बसली असेल."

"तरी पण..."

"का? काही कळलंय का तुला?"

अगदी जिभेवर आलं होतं. पण नोकरी गेली तर घर चालणार कशावर? आणि शपथ ती शपथ.

"मला काय कळणार, कपाळ!" म्हणाले, आणि वर हसलेसुद्धा. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

गुरुवारी तिने जागा सोडली.

मंगळवारी निकाल लागला. ती रडली नाही. मोबाईलवर निकालाची एकशे चाळीस पानं वाचत बसली. काही अर्धवट सोडणं तिच्या स्वभावातच नाही. आमच्याकडे शेवटच्या पानाच्या तळाशी टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं घालतात. कोणी ती बघत नाही. तिने बघितली.

"आई, हे तू टाइप केलंयस."

मी मान हलवली.

"कधी?"

"गेल्या आठवड्यात. सोमवारी."

"म्हणजे बुधवारी तुला माहीत होतं."

मी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला.

"एकही चूक नाहीये गं," ती म्हणाली आणि मोबाईल माझ्या हातात देऊन आत गेली.

तशी बोलते ती माझ्याशी. माझ्या गोळ्यांची आठवणही करते. परवा कसलासा फॉर्म भरत होती. मी सहज विचारलं, "कशाचा गं?"

तिने कागद उलटा केला.

"कळेल, सगळ्यांना कळेल तेव्हा."

या वेळी ती नक्कल करत नव्हती.