पथारीवरचं श्वासशिबिर

आमच्या घरात मिरचीचं नाव घेऊन शिंकायला बंदी आहे. शिंक थंडीची असू शकते, धुळीची असू शकते, सुनेच्या नाजूक माहेराची तर असतेच असते. मिरचीची मात्र नाही. सासरे धर्मचंदजी नंदुरबारचे मिरचीचे व्यापारी. मिरचीवाल्याच्या सुनेला मिरचीनेच दम लागतो हे बाजारात कळलं तर हसं होईल, ही त्यांची चिंता. सुनेचा दम गेला तरी चालेल.

दर हिवाळ्यात ओली मिरची पथाऱ्यांवर, म्हणजे शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानांवर, वाळत पडली की माझं नाक वाहतं, डोळे सुजतात आणि छातीत शिट्ट्या वाजतात. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, ॲलर्जी आहे, दम्याचा पंप जवळ ठेवा. मी ठेवला आणि बरी होते. ते माझ्या नवऱ्याला, श्रेणिकला, बघवलं नाही. पंपाची सवय लागते असं त्याला मोबाइलने सांगितलं. त्याला सगळं मोबाइलच सांगतो, स्वतःच्या डोक्याला तो कधी तसदी देत नाही. त्यानेच सुरतेहून अमृतभाई नावाचे श्वासगुरू शोधून आणले.

अमृतभाईंचा नैसर्गिक इलाज म्हणजे सातपुड्यातला मध, आल्याचा रस आणि कच्चा लसूण. आम्ही जैन; यातलं काहीच आमच्याकडे चालत नाही. सासूबाईंनी हात जोडून तसं सांगितलं. खरा वैद्य जरा तरी अडला असता. या गृहस्थांनी मधाऐवजी काकवी, आल्याऐवजी सुंठ आणि लसणाऐवजी श्रद्धा चालेल म्हणून सांगून टाकलं. गुण म्हणे तोच येतो. मी काकवी चाटली, नाकात तूप सोडलं, शिंका होत्या तिथेच राहिल्या. घरात माझ्याशिवाय कोणालाच याचं हसू येत नव्हतं, हे मला जास्त झोंबलं.

मग फर्मान निघालं, पंप सुटल्याशिवाय इलाज लागू पडणार नाही. मी मंदिरात गेले असताना श्रेणिकने माझ्या कपाटातून पंप काढला आणि सासऱ्यांनी तो दुकानाच्या तिजोरीत टाकला. दुसरा आणायला गेले तर मेडिकलवाला नजर चुकवत म्हणाला, शेठजींनी मनाई केलीय. तेव्हापासून मी बसूनच झोपायचे. आडवं झालं की दम कोंडायचा, आणि मला खरंच भीती वाटायची. रोज तिजोरीची किल्ली मागायचे. आधी अमृतभाईंचं श्वासशिबिर होऊ दे, एवढंच उत्तर मिळायचं.

शिबिर कुठे, तर आमच्याच पथारीवर. अमृतभाईंना उगवता सूर्य, मोकळी जमीन आणि मातीचा स्पर्श हवा होता; सासऱ्यांकडे हे सगळं होतं, मिरचीसकट. बाजारातले व्यापारी बायकांना घेऊन आले. चहूकडे लाल मिरची पसरलेली आणि मधे सतरंजीवर हे शहाणे मांडी घालून बसलेले. गुरूंनी खोल श्वास घ्यायला सांगितलं. तेवढ्यात वारा सुटला. आधी एकाला ठसका लागला, मग सगळी सतरंजीच खोकू लागली. विष बाहेर पडतंय, गुरू डोळे पुसत म्हणाले, आणखी खोल घ्या. ज्यांचा जन्म मिरचीच्या धंद्यात गेला त्या माणसांनी मुकाट्याने आणखी खोल घेतला.

माझी छाती आवळत चालली. किल्ली सासऱ्यांच्या कमरेला असते, म्हणून मी त्यांना शोधलं, तर ते जागेवर नव्हते. श्रेणिक डोळे मिटून बसला होता. मी पोत्यांच्या थप्पीला धरत धरत मागच्या बाजूला गेले.

तिथे धर्मचंदजी उभे होते, तोंडात पंप. माझा नव्हे, माझा नवा होता. हा जुना, रंग उडालेला. त्यांनी मला पाहिलं, तरी ओढलेला श्वास नीट धरून ठेवला आणि मग सावकाश सोडला, डॉक्टर शिकवतात अगदी तसा. मला बोलायला दम नव्हता. मी नुसता हात पुढे केला. त्यांनी पंप सदऱ्याला पुसून माझ्या हातात दिला.

छाती थोडी मोकळी झाल्यावर मी विचारलं, कधीपासून?

"तू या घरात यायच्या आधीपासून," ते म्हणाले. "बीनणी, बाहेर बोलू नको. बाजारात माझं नाव आहे."

मी रात्र रात्र बसून काढत होते तेव्हा शेजारच्या खोलीत हा माणूस पंप ओढून आडवा पडत होता. मला त्यांची किळस आली.

आम्ही परत आलो तसं अमृतभाईंनी दोघांकडे बोट दाखवलं आणि चेहरे कसे खुलले ते बघा म्हणून लोकांना सांगितलं. सासऱ्यांनी हात जोडले. मघाशी कुठे गेला होता, असं शेजारच्या दुकानदाराने विचारलं.

"काही नही, ठसका लागना," सासरे बाजारच्या अहिराणीत म्हणाले.

पंप माझ्याच मुठीत राहिला होता. मी तो सगळ्यांच्या देखत तोंडाला लावला आणि सावकाश ओढला. श्रेणिक उठून धावत आला. तिजोरीतून कोणी काढून दिला म्हणून विचारू लागला.

"तुझ्या तिजोरीतला तिजोरीतच आहे," मी म्हणाले. "हा पप्पांचा."