दीड हात वाढवलेली जीप

लिंबू चाकाखालीच होतं, पण लिंबाखाली थर्माकोलची ताटली... नव्या फरशीवर रस सांडू नये म्हणून! गोजरबाईला किळस आली. गाडीची पूजा ही, की कुणाला जेवायला वाढलंय? पिंपळगाव राजाच्या फाट्यावर तिच्या नातवाचं, शेखरचं, मोटारींचं शोरूम आज उघडत होतं आणि भिंतीवर काचेत तिच्या नवऱ्याचा फोटो: 'कै. कारभारी, जिल्ह्यातली पहिली मोटार घडवणारे.'

थाप तिचीच. पोरांनी घास गिळावा म्हणून सांगितलेली — आजोबानं गोवऱ्यांवर लोखंड वितळवलं, म्हशीच्या कातड्याचे टायर केले, मोटार लोणारच्या तळ्यावर जाऊन पाणी पिऊन आली... पोरं हसायची, घास जायचा. खरं एवढंच, की या जागी पत्र्याचं गॅरेज होतं आणि तिथं जुन्या जीपा मधोमध कापून दीड हात वाढवायचे, म्हणजे नऊच्या जागी अठरा माणसं जळगाव जामोदला कोंबता येत. कापायचा, जोडायचा तो शंकरराव. वेल्डिंग करायचा उघड्या डोळ्यांनी, कारण कारभारी म्हणायचा, काच कायले पाह्यजे? डोळे सुजले की गोजरबाई बटाट्याच्या चकत्या पाठवायची. रोज पाठवायची, आणि तिला वाटायचं, किती मी चांगली... शेवटी दिसेनासंच झालं त्याला. फोटोत त्याचा कोपर तेवढा आला होता. शेखरनं तोही कापला.

शेखर मोबाईल धरून समोर आला.

"आजी, इकडं पाय. मोटार कशी बनवली थे सांग. म्हशीचं नोको सांगू, लोकं हसतीन."

"मंग काय सांगू?"

"खरं वाटन असं सांग."

नव्या सीटांचा वास, अत्तराचा वास... तिनं पदर नाकाला लावला.

"सांगा न बाई," खुर्चीवरून शंकररावाची बायको अंबूबाई म्हणाली. हातातला पेढा तिनं खाल्ला नव्हता. "घरी जाऊन आमच्या ह्यायले सांगीन. सकाळपासून इचारून राह्यले, माह्यं नाव घेतीन का म्हणून."

गोजरबाईनं तोंड उघडलं. थाप आलीच, नेहमीसारखी, गोड, जिभेच्या टोकावर... आणि तिला कळलं की इतका वेळ ज्याची किळस येत होती तो वास शोरूमचा नव्हता, तो इथूनच येत होता, आतून, इतकी वर्षं. सगळे थांबले होते. तिनं फोटोच्या कापलेल्या कडेकडे बोट केलं, "इथं शंकररावचा कोपर होता."