कुरुळीच्या चढावरची मोटार

तिसऱ्या पिस्टनचं बेरिंग सुटलं तेव्हा रंगरावांच्या हातात लोखंडाबरोबर आणखी काहीतरी आलं. गोठ्यात मोटारीखाली उताणे पडून त्यांनी ते डोळ्यांजवळ धरलं. दोन बोटं लांबीची पट्टी होती, तेलात भिजून काळी झालेली, एका कडेला करपलेली. लोखंड नव्हतं ते, चामडं होतं.

"वहिनी, वाईच भाईर या," त्यांनी हाक मारली.

गोजाबाई चुलीपासून उठून आली. थोरल्या भावाची बायको. रंगरावांना सातव्या वर्षापासून तिनंच वाढवलेलं. पट्टी राखेनं घासून तिनं उजेडात धरली आणि आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात नवऱ्याची, भिमाजींची, उजव्या पायाची वहाण होती. तिचा पट्टा कापलेला होता आणि त्या जागी सुतळी बांधलेली होती. गोजाबाईनं चामड्याचा तुकडा कापलेल्या कडेला लावून पाहिला. बरोबर बसला.

"आठ म्हयनं मी सगळ्यांना इचारतेय, पायात सुतळी का बांधली हुती म्हनून," ती म्हणाली. तुकडा पदरात बांधून ती पुन्हा चुलीपुढं बसली.

भिमाजींची ती मोटार चाकण ते कासारवाडी स्टेशन अशी दहा वर्षं उतारू घेऊन पळाली. मूळची कुण्या साहेबाची. चाकणात आली तेव्हाच तिचं अर्धं आयुष्य सरलेलं होतं. शेवटची दोन वर्षं तिच्या इंजिनातून खट्-खट् असा आवाज यायचा. तो एवढा मोठा की मोटार वेशीपाशी आली की गोजाबाई घंगाळात अंघोळीचं पाणी काढायची, आणि त्यात गार पाणी मिसळेपर्यंत भिमाजी दारात. गावातले टवाळ म्हणायचे, भिमाजीला हॉर्न कशाला हवा?

गेल्या चैत्रात भिमाजी म्हणाले होते, "रंगा, एक दिवस दे. दोघं मिळून इंजिन उघडू. एकट्यानं उचलत न्हाई."

रंगराव चाकणच्या बाजारात कांदा तोलणारे मापाडी. ऐन हंगाम होता. "कांदा संपू दे दादा," ते म्हणाले.

कांदा संपायच्या आत भिमाजी संपले. स्टेशनावरून रिकामी मोटार घेऊन येताना इंद्रायणीचा पूल ओलांडल्यावर कुरुळीच्या चढावर ती बंद पडली. एकटेच ढकलत होते म्हणे, तिथंच छातीत कळ आली. दुसऱ्या दिवशी बैल जुंपून मोटार घरी आणली.

पण गोजाबाईला ते मान्य नव्हतं. "बैलांनी वढून आनलेली मोटार म्हंजी काय आली म्हनायची व्हय?" ती म्हणायची. "ते अजून चढावरच हायेत भावजी. मोटार तिच्या पायानं घरी आल्याबिगर ते कसे येतील?" रोज पाच वाजता ती मान तिरकी करून ऐकायची, घंगाळात पाणी काढायची आणि निवलं की परड्यात ओतून टाकायची. बायामाणसं हळहळली, मग कंटाळली. रंगराव भुताखेतांना हसणारा माणूस. पण एक दिवस पाचच्या सुमाराला त्यांनाही वेशीकडून खट्-खट् ऐकू आलं. गोठ्यातल्या बैलानं रवंथ थांबवून कान टवकारले. त्यानंतर रंगराव हसले नाहीत. वर्षश्राद्धाच्या आत इंजिन उघडायचंच, असं त्यांनी ठरवलं.

इंजिनातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. कळत होतं ते वजन. बाजाराला सुट्टी असली की ते एकेक भाग सोडत, रॉकेलनं धूत, बारदानावर मांडत आणि तराजूत घालून त्यावर चुन्यानं आकडा लिहीत. कासारवाडीचे दौलतराव मिस्त्री हे पाहून पोट धरून हसले. "अहो रंगराव, हे इंजिन आहे, कांदा नाही!"

चामड्याचं ऐकल्यावर मात्र मिस्त्रींचं हसू गेलं. "बेरिंग झिजलं की जुने ड्रायव्हर त्यात चामडं बसवतात. मोटार घरापर्यंत येते."

"आन चढ आसला तर?"

"ताण आला तर चामडं जळतं, मोटार बंद पडते." मिस्त्री दुसरीकडे बघत म्हणाले. "मी नवं बेरिंग ओतून देतो. रिंगा बदला. खडखड पार जाईल."

माघात इंजिन जोडून झालं. परत बसवलेल्या प्रत्येक जुन्या भागाचा आकडा रंगरावांनी टिपला होता; त्यात उरलेल्या जुन्या भागांचं वजन मिळवलं, तर सोडलेल्या भागांच्या बेरजेपेक्षा चार तोळे कमी. काहीतरी बसवायचं राहिलं होतं. सगळा गोठा पालथा घातला तेव्हा गव्हाणीत, कडब्याखाली, एक नट सापडला. बेरिंगचाच होता. पुन्हा इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवलं आणि तो बसवला. मिस्त्रींना हे कळलं तेव्हा त्यांनी हात जोडले.

ज्या दिवशी हँडल मारायचं होतं त्या सकाळी गोजाबाईनं खुरपं घेतलं. "सुरू हुताना मला ऐकायचं न्हाई. येताना ऐकायचंय," म्हणाली आणि रानात गेली.

रंगराव मोटार घेऊन कासारवाडीला गेले. भावाशेजारी बसून शिकलेलं तेवढंच चालवणं, पण इंजिन लोण्यासारखं चाललं. परतताना पूल आला, चढ लागला. तिथं त्यांनी मोटार थांबवली, वाकून डावीकडचं दार उघडलं.

"दादा, बस," ते म्हणाले. "इंजिन उघडलं बघ."

वाऱ्यानं बाभळी हलल्या. थोड्या वेळानं त्यांनी दार लावून घेतलं. चढ मोटार सहज चढली. आवाजच नव्हता. रंगरावांना एकाएकी रडू फुटलं. एवढ्या सोप्या चढावर आपला भाऊ मेला, आणि आपण एक दिवस दिला नाही.

पाच वाजता मोटार दारात उभी राहिली. उंबऱ्यावर कुणी नव्हतं. रंगराव आत गेले. गोजाबाई अजून वेशीच्या दिशेनं कान लावून भिंतीला टेकून बसली होती. शेजारी घंगाळातून वाफ येत होती.

"वहिनी, मोटार आली."

"कुनाची?"

"आपलीच."

ती उठली, दारात गेली. मोटार अजून सुरूच होती. तिनं बॉनेटवर हात ठेवला. "खट्-खट् वाजत न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई. नवं बेरिंग हाय."

"मग मला कसं कळनार, ते आल्याचं?"

रंगरावांनी इंजिन बंद केलं. गोजाबाईनं पदराची गाठ सोडली, चामड्याचा तुकडा मोटारीच्या बैठकीवर, भिमाजी बसायचे तिथं ठेवला आणि आत गेली. ती आता परड्यात पाणी ओतेल म्हणून रंगराव वाट बघत राहिले. ओतल्याचा आवाज आला नाही.

"भावजी," आतून हाक आली, "हात-तोंड किती काळं झालंय तुमचं. पानी निवतंय. या, अंघोळ करून घ्या."